कात्री आणि चौथं शील

दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी मी अडखळते. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, असा तो संकल्प. तोंडाने मी फारसं खोटं बोलत नाही. पण माझं काम व्हिडिओ एडिटिंगचं आहे, आणि कापून जोडलेल्या व्हिडिओत चेहरा आणि आवाज दुसऱ्याचा असला तरी बोलत असते मी. एखाद्याचं वीस मिनिटांचं म्हणणं मी दोन मिनिटांवर आणते. चौथ्या मिनिटाचं वाक्य सतराव्या मिनिटाच्या वाक्याला जोडते, मधल्या सांध्यावर हातांचा नाहीतर झाडाचा शॉट टाकते, म्हणजे सांधा दिसत नाही. प्रत्येक शब्द त्या माणसाचाच असतो. तरीही पडद्यावर जे ऐकू येतं ते त्याने तसं, त्या क्रमाने, कधी म्हटलेलं नसतं. हा मुसावाद, म्हणजे खोटं बोलणं, आहे का?

दिवसभर मी हेच करत असते, त्यामुळे या प्रश्नाला मला बगल देता येत नाही. चंद्रपुरात तुकूमच्या माझ्या खोलीत लग्नं येतात, नामकरणं येतात, वडशाच्या नाटक कंपन्यांची गाणी येतात. ऑक्टोबरात दीक्षाभूमीवरच्या धम्मचक्र अनुप्रवर्तन सोहळ्याचं काम येतं. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 ला, बाबासाहेबांनी याच गावात लोकांना धम्मदीक्षा दिली, तेव्हा गावाचं नाव चांदा होतं. आणि गडचिरोलीकडून ग्रामसभांचं चित्रीकरण येतं. तासन्तास चालणारी फुटेज, अर्धी मराठीत, अर्धी गोंडीत. माझा प्रश्न खरा कठीण होतो तो या शेवटच्या कामात.

आधी एडिटिंगचं हे काम मला कुणी शिकवलं ते सांगायला हवं, कारण प्रश्नाचं मूळ तिथे आहे. बाबांच्या दुकानात दोन व्हीसीआर होते. लग्नाच्या कॅसेटचं ‘मिक्सिंग’ त्यांवर व्हायचं: एकावर वाजवायचं, दुसऱ्यावर उतरवायचं, आणि मधे काही बदलायचं झालं तर तिथून पुढचं सगळं पुन्हा. कॉम्प्युटरवरचं एडिटिंग मात्र मला समोर बसून कुणीच शिकवलं नाही. पुण्यात 1960 पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, रेणू सलुजांसारख्या एडिटर तिथे घडल्या, पण माझ्या घरातून तो वर्ग फार लांब होता. मला शिकवलं ते इंटरनेटवरच्या अनोळखी माणसांनी. कुणी केरळातला, कुणी ब्राझीलचा. रात्री नेट चांगलं चालायचं तेव्हा त्यांचे धडे उतरवून ठेवायचे आणि दिवसा पाहायचे. आवाजाच्या कटाआधी चित्राचा कट कसा करायचा, त्वचेचा रंग कुठल्या रेषेवर बसवायचा, हे मला ज्यांनी दाखवलं त्यांना मी या जगात आहे हेसुद्धा ठाऊक नाही.

त्याच काळात दुसऱ्या शीलाशीही माझी गाठ पडली. न दिलेलं घेणार नाही, असं आपण म्हणतो. आणि आमच्याकडे क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जातं, सोबत लग्नाची ‘प्रोजेक्ट’ जातात, सिनेमातली गाणी जातात. ज्याच्या घरात पंचशीलाची चौकट टांगलेली आहे त्याच्याही कॉम्प्युटरवर ते असतं. या दुकानांतल्या पोरांना चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लग्नाच्या एका हंगामावर वर्ष काढणाऱ्याला सॉफ्टवेअरची किंमत ऐकूनच धडकी भरते. पण दिलेलंही पुष्कळ आहे, आणि ते शोधायला हवं. दा विंची रिझॉल्व्ह हे एके काळी काही लाख डॉलरचं रंगसंस्काराचं यंत्र होतं. ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीने 2009 मध्ये ते विकत घेतलं, आणि पुढे त्याची एक आवृत्ती फुकट देऊ लागली, शिकायची पुस्तकं आणि सरावाचं फुटेजही. केडेनलाइव्ह, शॉटकट ही एडिटिंगची सॉफ्टवेअरं तर सगळ्यांच्या मालकीची. फाब्रिस बेलार या फ्रेंच माणसाने 2000 साली सुरू केलेलं एफएफएमपेग तर आपल्याला दिसतही नाही, आणि जगातल्या किती व्हिडिओंच्या पोटात ते काम करत असतं. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यावर संगीत मिळतं. त्यातल्या सगळ्यात साध्या परवान्याची अट इतकीच की देणाऱ्याचं नाव सांगा. दान घ्यावं आणि दात्याचं नाव घ्यावं. मी केलेल्या लग्नाच्या व्हिडिओंच्या शेवटीसुद्धा मी ती ओळ टाकते. कुणी वाचत नसेल, तरी टाकते.

या देण्याघेण्याला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. दादासाहेब फाळके 1912 मध्ये लंडनला गेले तेव्हा त्यांना तिथे ओळखणारं कुणी नव्हतं. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या कचेरीत ते नुसते जाऊन उभे राहिले. तिथल्या संपादकाने, कॅबर्नने, त्यांची सेसिल हेपवर्थ या चित्रपटकाराशी गाठ घालून दिली, आणि हेपवर्थने या परक्या माणसाला आपल्या स्टुडिओत हिंडू दिलं, काम दाखवलं. परत येऊन फाळक्यांनी घरात छापखाना असावा तसा सिनेमा मांडला. सरस्वतीबाई दिवसा कंपनीच्या माणसांचा स्वयंपाक करायच्या आणि रात्री अंधारात कोऱ्या फिल्मला कडेची भोकं पाडायच्या, रसायनं कालवायच्या, फिल्म धुवायच्या. 3 मे 1913 ला ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. पुढे फाळक्यांनी ‘नवयुग’ मासिकात आपली सगळी धडपड मराठीत लिहून काढली. हेपवर्थकडून घेतलं ते त्यांनी हेपवर्थला परत दिलं नाही, देता येण्यासारखंही नव्हतं. ते मराठी वाचणाऱ्यांना दिलं. धम्मदान सगळ्या दानांत श्रेष्ठ का मानतात ते मला सरस्वतीबाईंच्या त्या अंधाऱ्या खोलीचा विचार करताना जास्त कळतं. सत्य हे व्रत असलेल्या राजाची गोष्ट त्या घरात जोडली जात होती, हाही योगायोग मी विसरू शकत नाही.

तर कसं कापायचं ते मला अनोळखी लोकांनी भरभरून दिलं. कापावं का, हे त्यांच्यापैकी कुणी सांगितलं नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. वॉल्टर मर्चचं एडिटिंगवरचं छोटं पुस्तक आमच्या धंद्यात सगळेच वाचतात. चांगला कट कशाला म्हणावं याच्या सहा कसोट्या त्यात आहेत, आणि त्यांना चक्क टक्के दिले आहेत: भावना 51, कथा 23, लय 10, नजरेची वाट 7, पडद्याच्या सपाटीचं भान 5, खऱ्या अवकाशाचं भान 4. किती तरी वर्षं मी हे आकडे खोलीतल्या फळ्यावर लिहून ठेवले होते. मर्च कथाचित्रपटांचा माणूस. त्याच्या शंभरात ‘खरं’ असा वेगळा रकाना नाही, आणि त्याला त्याची गरजही नव्हती. ग्रामसभेत उभा राहून बोलणारा म्हातारा कथेतलं पात्र नसतो. तिथे तो रकाना माझा मलाच आखावा लागतो.

रशियात शंभर वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव्हने एका नटाचा, मोझुखिनचा, निर्विकार चेहरा घेतला. तोच शॉट एकदा सूपाच्या वाटीला जोडला, एकदा शवपेटीला, एकदा तरुण स्त्रीला. बघणाऱ्यांना त्या चेहऱ्यावर भूक दिसली, शोक दिसला, इच्छा दिसली. सगळे एडिटर ही गोष्ट अभिमानाने सांगतात. मला तिच्यात चौथ्या शीलाची सगळ्यात अवघड बाजू दिसते: एकही शॉट खोटा नाही आणि तरी बघणारा खोटं घेऊन उठला. धम्मात कर्म चेतनेवरून, म्हणजे हेतूवरून, ओळखतात. म्हणून आमच्याकडच्या झाडीपट्टीच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकातलं एक गाणं मी तेवढंच कापून देते तेव्हा मला काही टोचत नाही. तिथे कुणी फसत नाही. परशुराम खुणेंच्या पिढीने हजारो प्रयोगांतून उभं केलेलं ते नाटक पाहायचं तर थंडीत घोंगडी घेऊन मंडपात बसावं लागतं, हे गाणं बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. ग्रामसभेचं तसं नाही. मुंबईत बसलेला माणूस सहा मिनिटं बघतो आणि ग्रामसभा म्हणजे हीच, असं समजतो.

मागच्या पावसाळ्यानंतर धानोरा तालुक्यातल्या एका गावाचं फुटेज माझ्याकडे आलं. बांबूविक्रीचे पैसे कशावर खर्च करायचे यावर सभा होती. एक आजोबा उठले, गोंडीत दोन वाक्यं बोलले आणि गप्प झाले. बसले नाहीत. उभेच राहिले. आणि कुणीही काही बोललं नाही. बायका गुडघ्यांवर हात ठेवून बसलेल्या, एक पोर इकडून तिकडे गेलं, बाहेर कोंबडा ओरडला. मग आजोबांनी आणखी एक वाक्य म्हटलं आणि खाली बसले. माझ्याबरोबर बसून गोंडीचं मराठी करून देणाऱ्या तरुणाने सांगितलं, आजोबा म्हणाले की मला अजून पटलेलं नाही.

मी शिकलेल्या प्रत्येक धड्यात शांतता आधी कापायला सांगतात. आता तर सॉफ्टवेअर स्वतःच बोलण्यातल्या खाचा ओळखून काढून टाकतं, एक बटण दाबलं की झालं. गोंडी त्याच्या भाषांच्या यादीत नाही, पण शांतता त्याला कुठल्याही भाषेत ओळखू येते. काम देणाऱ्या संस्थेला सहा मिनिटांची फिल्म हवी होती, आणि त्यांची मागणी गैर नव्हती. लांब फिल्म लोक बघत नाहीत हे मलाही माहीत आहे. त्या सहा मिनिटांत आजोबांचं उभं राहणं कसं बसवायचं?

इथे मला राजगृह आठवलं. बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर पाचशे अर्हत तिथे पहिल्या संगीतीसाठी, म्हणजे धम्मसभेसाठी, जमले. उपालीने विनय सांगितला, आनंदाने सुत्तं सांगितली, आणि प्रत्येक सुत्ताच्या सुरुवातीला हे मी ऐकलेलं आहे असं म्हणून मगच पुढे गेला. सांगणारा कुठे उभा आहे ते आधी सांगायचं, ही पद्धत तिथून आली. त्या सभेत एक अडचणही निघाली. आनंद म्हणाला, भगवंतांनी शेवटी सांगितलं होतं की संघाची इच्छा असेल तर बारीकसारीक नियम काढून टाकायला हरकत नाही. बाकीच्यांनी विचारलं, बारीकसारीक म्हणजे कोणते, हे तू त्यांना विचारलंस का? आनंदाने विचारलेलं नव्हतं. मग पाचशे ज्ञानी माणसं आपापसांत ठरवू लागली की बिनमहत्त्वाचं काय, आणि त्यांचं एकमत झालं नाही. तेव्हा महाकाश्यपाने प्रस्ताव ठेवला: काहीच काढायचं नाही. लोकांना आपले नियम माहीत आहेत, आता आपण सोयीने वगळू लागलो तर ते काय म्हणतील? संघाने मौन राहून त्याला मान्यता दिली.

इतक्या जुन्या काळातला एडिटिंगचा निर्णय म्हणून मी ही गोष्ट पुन्हा पुन्हा वाचते. बिनमहत्त्वाचं काय ते कळत नसेल तर हात लावू नका. पण मी महाकाश्यपासारखं वागले तर माझ्या खोलीतून एकही फिल्म बाहेर पडणार नाही. कापणं सोडून मला गत्यंतर नाही.

आणि मग बाबासाहेब आठवतात, कारण त्यांनी उलट दिशेने पाऊल टाकलं. त्यांच्या निर्वाणानंतर 1957 मध्ये आलेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी परंपरेने दिलेलं सगळं जसंच्या तसं घेतलं नाही. बुद्ध जिवंत असतानाच त्यांचं म्हणणं चुकीचं सांगितलं गेलं याची पाच उदाहरणं त्यांनी सुत्तांतूनच काढून दाखवली. मग मोजमाप मांडलं: बुद्ध विवेकवादी होते, तेव्हा जे विवेकाला धरून आहे ते त्यांचं मानायला जागा आहे, माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध नाही अशा वादात ते पडले नाहीत. चार आर्यसत्यांसारख्या गोष्टीबद्दलही, हे मुळातलं की नंतर जोडलेलं, असा प्रश्न त्यांनी प्रस्तावनेतच विचारला. म्हणजे त्यांनी कापलं. पण कात्री लपवली नाही. मी कशाने मोजतो आहे, काय बाजूला ठेवतो आहे आणि का, हे वाचणाऱ्याच्या हातात दिलं. पटलं नाही तर वाद घालायची वाट उघडी ठेवली.

माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला इथे मिळालं. कट हे खोटं आहे की नाही, हे सांधा किती बेमालूम आहे यावर ठरत नाही. ज्याचं बोलणं कापलं त्याला तो सांधा दाखवला का, आणि नाही म्हणायला त्याला जागा ठेवली का, यावर ठरतं. उरलेलं निम्मं मला त्याच तालुक्यातल्या मेंढ्याने दिलं. मेंढा (लेखा) हे देशात सामूहिक वनहक्क मिळालेल्या पहिल्या गावांपैकी एक. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्यांचा हक्क मान्य झाला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे बाहेरच्यांना ते गाव माहीत झालं. तिथे दोन वेगळ्या बैठका असतात. अभ्यासगटात जाणकार येतात, बाहेरचेही येतात, चर्चा करतात, माहिती ठेवतात; पण तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, सर्वांच्या सहमतीने. एकाचीही हरकत असेल तर थांबायचं.

हे समजल्यावर माझ्या दूरदूरच्या शिक्षकांची जागा मला नीट दिसली. जगभरचे एडिटर मिळून माझा अभ्यासगट आहेत. त्यांच्याकडून मी आयुष्यभर शिकणार आहे, मला जमेल ते देणार आहे; ग्रामसभांचं फुटेज कसं हाताळावं यावर झाडीबोलीत काही धडे रेकॉर्ड करायलाही मी घेतले आहेत. पण निर्णयाची सभा दुसरी आहे. तिच्यात जे फ्रेममध्ये आहेत ते बसतात.

म्हणून कच्ची फिल्म घेऊन मी आजोबांच्या गावी गेले. संस्थेनेही परवानगी दिली. गोटुलात, गावाच्या सामूहिक घरात, पांढरी चादर बांधली, प्रोजेक्टर लावला. आश्विन पौर्णिमा जवळ आली होती, आणि मला पवारणेची आठवण होत होती. वर्षावास संपताना प्रत्येक भिक्खू संघापुढे हात जोडतो आणि माझ्यात काही दोष पाहिला असेल, ऐकला असेल, शंका आली असेल तर करुणेने सांगा, अशी विनंती करतो. सगळ्यात ज्येष्ठ भिक्खूही करतो. स्वतः बुद्धांनीही संघाला असं विचारल्याचं सुत्तात आहे. मी चादरीसमोर उभी राहून तेवढंच विचारलं.

आजोबांची शांतता मी फिल्मच्या जवळजवळ दहाव्या हिश्शाएवढी ठेवली होती आणि मला वाटत होतं की लोक कंटाळतील. कुणी हललं नाही. नंतर एकजण म्हणाला, ‘‘ताई, इथं अजून थोडं पाहिजे. त्याच्यानंतरच तर सगळं बदललं.’’ मी घरी येऊन ते वाढवलं आणि गावाच्या रस्त्याचे सुंदर शॉट काढून टाकले. संस्थेने ते मान्य केलं.

पण दुसरी गोष्ट मी अपेक्षिली नव्हती. सभेत दारूवरून दोन घरांतल्या बायकांचं भांडण झालं होतं. ते मी ठेवलं होतं, कारण ते खरं होतं आणि त्याच्याशिवाय सभा गुळगुळीत झाली असती. ते आलं आणि गोटुलात कुजबुज झाली. मागून एक आजी मराठीत म्हणाल्या, ‘‘हे कायले दाखवतेस वं? ते भांडण मिटलं.’’

आता काय करायचं? खरं आहे ते काढून टाका, असं फ्रेममधलीच माणसं म्हणत आहेत. विहारातल्या भन्तेजींना मी हे विचारलं तेव्हा त्यांनी मला अभयराजकुमाराचं सुत्त वाचायला दिलं. तथागत तेच बोलतात जे खरं आहे आणि हिताचं आहे, आणि तेही योग्य वेळ बघून. बोलणं ऐकणाऱ्याला गोड लागो वा कडू. खरं असणं ही पहिली अट आहे, पुरेशी अट नाही. भांडण खरं होतं. हिताचं होतं का, मला अजून सांगता येत नाही. वेळ मात्र त्यांच्या म्हणण्याप्रमाणे टळून गेली होती. मी ते काढलं, आणि शेवटच्या पाटीवर लिहिलं की सभेतला एक भाग गावाच्या इच्छेवरून वगळला आहे. मूळ फुटेज न कापता दोन हार्ड डिस्कवर ठेवलं, एक माझ्याकडे, एक ग्रामसभेकडे, आणि कुठल्या फाइलमध्ये काय आहे त्याची यादी छापून सोबत दिली. आमच्याकडे मे महिन्यात पारा 46-47 अंशांवर जातो, डिस्क तापून मरतात. तुमची डिस्क लाकडी पेटीत, पत्र्याच्या छपरापासून दूर ठेवा, असं सांगून आले.

त्या पाटीवर समाधान मानता आलं असतं. तेवढ्यात गावातल्या दोन मुलींचा फोन आला. त्या गडचिरोलीला कॉलेजात आहेत, त्या दिवशी गोटुलात नव्हत्या. त्यांचं म्हणणं असं की ते भांडण दोन घरांचं नव्हतं, दारूचं होतं. घरांचं मिटलं असेल, दारूचं कुठे मिटलं? ते फिल्ममध्ये परत यायला पाहिजे, आणि त्यात ज्या बोलल्या त्यांतली एक आमची आईच आहे. आईचं मत मी विचारलं. आई म्हणाली, मला विचार करू दे.

तेंदूपत्त्याचा हंगाम संपला की फिल्म पुन्हा गोटुलात लावायचं ठरलं आहे, दोन्ही प्रकारे, भांडणासकट आणि भांडणाशिवाय. आजोबांनीही निरोप पाठवला आहे की त्या दिवशी त्यांना काही बोलायचं आहे.